देव्हाऱ्याचे लाकूड

बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या सोसायटीच्या आवारातले एखादे झाड तोडायचे असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. शहरी झाडांच्या जतनासाठी महाराष्ट्राने 1975 साली केलेल्या कायद्याने ही सक्ती घातली. बुंध्यावर नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात, अधिकारी येऊन झाड पाहून जातो आणि मग परवानगी मिळते किंवा नाकारली जाते. त्याच सोसायटीतल्या घरात नवा सागवानी देव्हारा आला, दाराला नवी चौकट बसली, तर त्यासाठी जे झाड पडले त्याची विचारपूस कोणी करत नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये आरे कॉलनीत मेट्रो कारशेडसाठी झाडे तोडायला रात्रीच सुरुवात झाली, तेव्हा अंधेरी-गोरेगावची माणसे धावून गेली, काहींना अटक झाली आणि 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोवर परवानगी मिळालेल्या 2,185 झाडांपैकी 2,141 पडली होती. हा आकडा एककापर्यंत आपल्याला ठाऊक आहे, याचा अभिमान वाटावा. ज्या समाजाने झाडे मोजली त्याने झाडाला जीव मानला. पण त्याच वर्षी या उपनगरांतल्या दारांत, पलंगांत, देव्हाऱ्यांत जी परदेशी झाडे आली त्यांची मोजदाद कोणाकडे नाही. आरेतल्या आंदोलकांना कमी लेखण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांनी जो प्रश्न विचारला तोच थोडा पुढे न्यायचा आहे: जवळचे झाड राखून दूरचे विकत घेणाऱ्याला अहिंसेचे पुण्य लागते का?

हा प्रश्न एका घरापुरता ठेवला तर किरकोळ वाटतो. दोन देशांच्या मापाने पाहिला की त्याचे खरे वजन कळते. उष्ण कटिबंधातल्या जंगलांचे कठीण लाकूड ओंडक्यांच्या रूपात आयात करणाऱ्या देशांत चीन आणि भारत गेली अनेक वर्षे सर्वांत पुढे आहेत. दोघांचाही या बाजारातला वाटा वाढला तो घरची जंगले राखण्याच्या निर्णयानंतर. 1998 च्या उन्हाळ्यात यांगत्सी नदीला महापूर आला, हजारो माणसे गेली. वरच्या खोऱ्यातली जंगलतोड हे त्याचे एक कारण ठरले आणि चीनने तिथल्या नैसर्गिक जंगलांत कुऱ्हाड बंद केली. पुढे 2017 पर्यंत ही बंदी साऱ्या देशातल्या नैसर्गिक जंगलांतल्या व्यापारी तोडीला लागू झाली. भारतात 1980 चा वनसंवर्धन कायदा आला, 1988 चे राष्ट्रीय वनधोरण आले आणि गोदावर्मन खटल्यात 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्ययोजनेबाहेरची वनतोड थांबवली. ईशान्येकडच्या राज्यांतून लाकूड बाहेर नेण्यावरही बंदी आली. दोन्ही निर्णय योग्य होते, मी त्यांच्याविरुद्ध एक अक्षरही लिहिणार नाही. पण जंगल राखले म्हणून लाकडाची भूक कमी झाली नाही. चीनची गरज पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांच्या जंगलांकडे वळली. तिथून निघणाऱ्या ओंडक्यांपैकी बहुतेक चीनलाच जातात. भारताची गरज म्यानमारच्या सागाकडे आणि मलेशियातल्या सारावाकच्या मेरांटीकडे वळली. कच्छमधल्या कांडला बंदराभोवती, गांधीधामला, आरागिरण्यांचे अख्खे नगर उभे राहिले ते याच ओंडक्यांवर. थायलंडचीही हीच कथा. 1988 च्या पुरानंतर जानेवारी 1989 मध्ये तिथे वनतोडबंदी आली आणि थाई कंपन्यांच्या करवती सीमेपलीकडे, ब्रह्मदेशाच्या जंगलात चालू लागल्या.

दोन्ही देशांत एक फरक आहे आणि तो आपल्या बाजूचा नाही. चीनमध्ये येणाऱ्या लाकडाचा मोठा भाग फर्निचर, प्लायवूड होऊन अमेरिकेत, युरोपात जातो. तिथला व्यापारी म्हणू शकतो की शेवटचा वापरणारा कोणी दुसराच आहे. ही सबब पुरी नाही, पण सबब तरी आहे. भारतात आलेला ओंडका बहुतांशी भारतातच राहतो. मलेशियन साल या नावाने विकल्या जाणाऱ्या लाकडाच्या चौकटी घाटकोपरच्या नव्या टॉवरांत बसतात. बर्मा टीक, घाना टीक म्हणून घनफुटाने मोजलेला साग इथल्याच घरांत येतो. आपल्या बाबतीत शेवटचा वापरणारा शोधायला लांब जायला नको. साम्यही विचार करायला लावणारे आहे. चीनमध्ये होंगमू म्हणजे तांबूस शिसवाच्या जातीच्या लाकडाला जो मान आहे तोच आपल्याकडे सागाला आहे. पूर्वजांच्या काळच्या घाटाचे आसन घरात असणे तिथे प्रतिष्ठेचे, सागवानी देव्हारा असणे इथे. होंगमूच्या हव्यासापायी शिसवाच्या कुळातल्या झाडांची एवढी लूट झाली की 2017 च्या जानेवारीपासून त्या संपूर्ण कुळाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये निर्बंध लागू झाले. म्हणजे झाडावर संकट आले ते आदरातून. म्हणूनच हा प्रश्न वनखात्याकडे किंवा अर्थशास्त्राकडे सोपवून भागत नाही. आदराची तपासणी धर्मविचारानेच करावी लागते.

आणि आपल्या धर्मविचारात या नेमक्या प्रसंगासाठी एक शब्द आहे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत जिची देरासरे आणि उपाश्रय पावलोपावली भेटतात त्या जैन परंपरेने तो घडवला. जैन गृहस्थाच्या व्रतांत दिग्व्रत आणि देशव्रत अशी दोन व्रते आहेत. आपण कोणत्या दिशेला कुठवर व्यवहार करू याची सीमा माणूस स्वतःच आखतो. त्या सीमेपलीकडे आपल्या हातून हिंसा घडणारच नाही, तिथल्या जीवांपुरते आपण साधूसारखे राहू, असा त्यामागचा भाव. सुंदर कल्पना आहे. पण हे शास्त्र रचणाऱ्यांना माणसाचे मन पुरते ठाऊक होते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात देशव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रत न मोडता व्रताला लागणारे पाच दोष, सांगितले आहेत. सीमेबाहेर नोकर पाठवून काम करवणे, खाकरून किंवा आवाज देऊन बाहेरच्याला खुणावणे, स्वतःचे रूप दाखवून त्याला समजावणे, खडा फेकून लक्ष वेधणे हे चार. आणि यादीत सर्वांत आधी येतो तो पाचवा दोष: आनयन. स्वतः सीमेच्या आत बसून बाहेरची वस्तू आत आणवणे. पाऊल उंबरठ्याच्या आतच आहे, व्रत कागदावर शाबूत आहे, आणि तरी व्रताचा जीव गेलेला आहे. 1996 च्या निकालाने आणि 1998 च्या बंदीने दोन मोठ्या देशांनी एक प्रकारचे देशव्रतच घेतले. या सीमेच्या आत झाड पडणार नाही, असा तो संकल्प. त्यानंतर बंदरांत उतरत राहिलेल्या ओंडक्यांना आनयनाखेरीज दुसरे नाव देता येईल असे मला वाटत नाही.

हा केवळ एका पंथाचा काटेकोरपणा आहे असेही कोणी समजू नये. पतंजलीच्या योगसूत्रांत हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार केले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि दुसऱ्याने केल्यावर मान डोलावलेली. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला मांसाहाराविषयी सांगतात तेव्हा विकत घेणारा, खाणारा आणि मारणारा अशा तिघांनाही ते घातक ठरवतात. विकत घेणारा पैशाने मारतो, असे त्यांचे म्हणणे. वेगवेगळ्या दर्शनांनी वेगवेगळ्या वाटेने येऊन एकच गोष्ट सांगितली: हत्यार कोणाच्या हातात आहे एवढ्यावर कर्ता ठरत नाही. यावर जाणकार जैन वाचक एक योग्य हरकत घेईल. गृहस्थाचे अणुव्रत हे त्रस, म्हणजे हालचाल करणाऱ्या जीवांच्या हिंसेपुरते आहे. झाड हा एकेंद्रिय स्थावर जीव, त्याची संपूर्ण अहिंसा साधूलाच शक्य. गृहस्थाला चूल पेटवावी लागते, घर बांधावे लागते. हे बरोबर आहे. पण त्याच आचारशास्त्राने श्रावकाला वर्ज्य असे पंधरा धंदे, कर्मादाने, सांगितले आहेत आणि त्यांत कोळसे पाडण्याच्या धंद्याच्या शेजारीच वनकर्म, म्हणजे जंगल तोडून लाकूड विकण्याचा धंदा, आहे. गृहस्थाला अंगणातली फांदी तोडू देणाऱ्या शास्त्राने वनाचा धंदा मात्र अडवला, याचे कारण उघड आहे असे मला वाटते. वनातले झाड एकटे पडत नाही. सारावाकच्या जंगलात एक मोठा मेरांटी पाडायचा तर तिथवर रस्ता कापावा लागतो, पडताना तो भोवतालची झाडे घेऊन पडतो, त्याच्या ढोलीतला धनेश बेघर होतो, नदी गढूळ होते आणि तिच्यातल्या माशांवर जगणारी पेनान माणसे उपाशी राहतात. 1987 साली याच पेनान लोकांनी स्वतःच्या देहांची साखळी करून तोडकंपन्यांचे रस्ते अडवले. त्यांतले कितीतरी तुरुंगात गेले. आरेतल्या साखळीहून ती साखळी वेगळी नव्हती.

इथे माझ्याच म्हणण्याविरुद्ध जाणारा, आणि मराठी माणसाला डावलता न येणारा, एक पुरावा आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याची आज्ञा आहे. स्वराज्यातल्या अरण्यांतला साग, शिसव हुजूरची परवानगी घेऊन तोडावा, आणि याखेरीज जे लागेल ते परमुलखातून विकत आणावे, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या राज्यव्यवहाराने आयातीला मोकळी वाट दिली होती. मग आपण आज वेगळे काय करतो? पण आज्ञा तिथे संपत नाही. आंबा, फणस हीही कामाची झाडे, परंतु रयतेच्या त्या झाडांना हात लावू नये; ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडल्यावर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही, अशा आशयाचे पुढे लिहिले आहे. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याचा संतोष झाल्यावरच तोडावे. बळजोरी अजिबात करू नये. ही दोन्ही वाक्ये एकाच आज्ञेत आहेत आणि ती एकत्रच वाचायला हवीत. परमुलखातून विकत घेणे त्या राज्यकर्त्याला दोषाचे वाटले नाही. जोर करून घेणे दोषाचे वाटले. म्हणजे आज्ञापत्राची कसोटी अंतराची नसून राजीखुशीची आहे, आणि मी जैनांच्या आनयनाला या कसोटीची जोड देईन. सीमेपलीकडून वस्तू आणणे तेवढ्याने पाप होत नाही. पलीकडच्या झाडाला धनी नाही असे समजून आणणे हे पाप. घरच्या रयतेला लावलेला नियम परमुलखातल्या रयतेला लागू नाही असे मानले, की व्यापाराची लूट होते.

मुंबईने हे स्वतःच्या इतिहासात पाहिले आहे. या शहराचा नावलौकिक सागावर उभा आहे. वाडियांच्या गोदीत बांधलेली जहाजे मलबारच्या सागाची होती. 1817 साली इथून समुद्रात उतरलेले ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये तरंगते आहे. मलबारचा साग सरत गेला तसे लक्ष ब्रह्मदेशाकडे गेले. 1863 साली मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली, तिचा प्राण ब्रह्मदेशाचा साग. 1885 मध्ये मंडालेच्या दरबाराने कंपनीवर ठपका ठेवला की तिने ओंडके नेले जास्त आणि हिशेब दाखवला कमी, आणि 23 लाख रुपयांचा दंड केला. दंड न्याय्य होता की राजाला पैशाची नड होती यावर इतिहासकारांत दुमत आहे. निकाल मात्र तोफांनी लावला. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात मंडाले पडले, 1 जानेवारी 1886 ला उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्याला जोडला गेला आणि राजा थिबा रत्नागिरीला नजरकैदेत आला. तिथेच 1916 साली तो वारला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहायला जाणारे मराठी पर्यटक त्याच्या दुर्दैवाबद्दल हळहळतात, आणि ते योग्यच आहे. पण तो तिथे का आला याचे एक उत्तर मुंबईच्या सागबाजारात आहे, हे तिथल्या सहलीत क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. ज्या राजाने ओंडक्यांचा हिशेब मागितला त्याला राज्य गमवावे लागले. धन्याच्या राजीखुशीशिवाय लाकूड आणण्याचा याहून ठसठशीत दाखला मला माहीत नाही.

सर्वांत प्रामाणिक हरकत अज्ञानाची आहे. अंधेरीच्या दुकानात देव्हारा घेणाऱ्या बाईला तो कुठल्या देशाचा साग आहे हे कसे कळणार? जे माहीत नाही त्याचे पाप कसे लागेल? या हरकतीला बौद्ध विनयाचा आधारही मिळतो. भिक्षूने भिक्षेत पडलेले मांस केव्हा घ्यावे याचा नियम बुद्धांनी दिला: प्राणी आपल्यासाठी मारलेला पाहिलेला नाही, तसे ऐकलेले नाही आणि तशी शंकाही नाही, तर ते तीन बाजूंनी शुद्ध. आपणही पाहिले नाही, ऐकले नाही. पण तिसरी अट उरते, शंकेची. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. इंडोनेशियाने 1985 मध्ये, गॅबॉनने 2010 मध्ये अशीच बंदी आणली होती. म्यानमारमध्ये 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने सत्ता बळकावल्यावर तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर अमेरिकेने आणि युरोपीय संघाने निर्बंध घातले, कारण सागाचा पैसा थेट लष्कराच्या तिजोरीत जात होता. एवढे जगजाहीर असताना बर्मा टीक हे दोन शब्द बिलावर वाचून शंका येत नसेल, तर ती न येण्याची आपण सोय करून घेतली आहे. शिवाय हा नियम भिक्षूचा आहे. जो मागत नाही, निवडत नाही, पात्रात पडेल ते घेतो, त्याच्यासाठी तो केला. गृहस्थ माप देतो, नमुना निवडतो, आगाऊ रक्कम भरतो, पॉलिश गडद हवे की फिके ते सांगतो. एवढे सगळे विचारणाऱ्याने लाकडाचे गाव तेवढे विचारायचे राहून गेले असे म्हणणे मला पटत नाही.

गरीब देशांना आपले लाकूड विकण्याचा हक्क आहे, आणि ते आपण घेतले नाही तर त्यांच्या पोटावर पाय येईल, असेही म्हटले जाते. हक्क आहेच. पण ज्या देशांनी ओंडके विकणे बंद केले त्यांनी नेमके हेच सांगितले की कच्चा ओंडका विकण्यात त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी येते आणि सर्वांत जास्त जाते. शिवाय देश म्हणजे कोण, हेही पाहावे लागते. 2015 साली म्यानमारच्या काचिन प्रांतात बेकायदा तोडीसाठी दीडशेहून अधिक चिनी लाकूडतोड्यांना पकडून बहुतेकांना जन्मठेप झाली आणि काही दिवसांतच सार्वत्रिक माफीत ते सुटले. पकडलेली माणसे मजूर होती, ज्यांच्यासाठी ती तोडत होती ते व्यापारी नव्हेत. आणि सीमेच्या आतल्या बाजूला लाकूड विकणारे काचिनचे गावकरी नव्हते, बंदूकधारी गट होते. अमात्यांच्या भाषेत धनी कोण हे तिथे कोणी विचारलेच नव्हते. दुसरी बाजूही मान्य करतो. आज मुंबईत येणारा बराच साग आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचा आहे. तो मुद्दाम लावलेला, पिकासारखा वाढवलेला. त्याला घनदाट वनाच्या ओंडक्याच्या पंक्तीत बसवणे अन्याय होईल, आणि असा साग नीट माहिती काढून घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण नीट माहिती काढणे हीच तर सगळी मागणी आहे. लोखंड, ॲल्युमिनियम, पीव्हीसी वापरा असाही सल्ला मिळतो. तो मला घाईचा वाटतो. खाणीतून आणि भट्टीतून आलेल्या वस्तूच्या हिंसेचा हिशेब लाकडापेक्षा कमी निघेलच असे नाही, आणि लाकूड परत उगवते. लाकूड सोडा असे मी म्हणत नाही.

आता कायद्याकडे. येथे तुलनेचा निकाल भारताच्या विरुद्ध जातो आणि ते लिहिताना वाईट वाटते, कारण अहिंसेचा उच्चार आपण जास्त करतो. चीनने डिसेंबर 2019 मध्ये आपल्या वनकायद्यात सुधारणा केली. 1 जुलै 2020 पासून, लाकूड बेकायदा मिळवलेले आहे हे माहीत असून ते विकत घेणे, त्यावर प्रक्रिया करणे किंवा ते वाहून नेणे याला तिथे मनाई आहे आणि प्रक्रिया करणाऱ्यांना आवक-जावकेची नोंद ठेवावी लागते. अंमलबजावणी ढिली असेल, आयात मालाला हे कलम किती काटेकोरपणे लागते यावर वाद असेल. पण विकत घेणारा जबाबदार आहे हे तत्त्व तिथे कायद्यात लिहिले गेले. भीष्मांनी सांगितलेली गोष्ट बीजिंगने कायद्यात घातली, दिल्लीने अजून घातलेली नाही. युरोपने 2013 पासून, अमेरिकेने 2008 पासून असे कायदे लागू केले. आपल्याकडे गडचिरोलीहून सागाचा एक ओंडका निघाला तर त्यावर वनखात्याच्या हातोड्याची खूण लागते आणि वाहतूक पास सोबत असावा लागतो. परदेशी ओंडका बंदरात उतरतो तेव्हा 2003 च्या आदेशानुसार त्याला वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, धुरी दिलेली असावी लागते, त्यात कीड नाही ना हे पाहिले जाते. हे योग्य आहे, आपल्या झाडांना परदेशी कीड लागू नये. पण त्या ओंडक्याबरोबर कीड येते का हे विचारणाऱ्या राज्याने त्याबरोबर कोणाचे रक्त येते का, हे विचारू नये? आपल्या कायद्याने सीमेच्या आतल्या झाडाला जीव मानले आणि बाहेरच्याला माल. आनयनाचा दोष वेगळा तो काय?

देव्हाऱ्याच्या बाबतीत तर परंपरेने हा विचार आधीच करून ठेवला आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत देवमूर्तीसाठी झाड निवडायला वनात कसे जावे यावर स्वतंत्र अध्याय आहे. कोणती झाडे वर्ज्य ते तिथे सांगितले आहे. मग झाडाची पूजा करायची, अमुक देवाच्या अर्चेसाठी तुझी गरज आहे असे त्याला सांगायचे, आणि त्याच्यावर राहणाऱ्या जीवांना नैवेद्य देऊन दुसरीकडे वस्ती करण्याची विनंती करायची. मूर्तीच्या लाकडासाठी सांगितलेला हा विधी मूर्ती जिथे बसते त्या देव्हाऱ्याला लावण्यात काही चूक होईल असे मला वाटत नाही. त्या विधीतली भुतेखेते आज कोणी मानो वा न मानो, त्यामागचा विवेक साधा आहे: देवासाठी घ्यायचे लाकूड कुठल्या झाडाचे, कुठल्या वनाचे, आणि तिथे कोण राहते, हे घेणाऱ्याला माहीत असले पाहिजे. सह्याद्रीतल्या देवरायांत तर खाली पडलेली काटकीही देवाच्या कौलाशिवाय उचलत नसत. मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून साग गेला तेव्हा तिथे काष्ठपूजन झाले, मिरवणूक निघाली. साऱ्या महाराष्ट्राला ते लाकूड कुठले हे ठाऊक होते. मोठ्या देवळाच्या लाकडाचे गाव आपण अभिमानाने सांगतो, घरच्या देवळाचे विचारतही नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाबाबतही राजीखुशीचा प्रश्न सुटला आहे असे नाही. पण तो सुटू शकतो हे गडचिरोलीतल्याच मेंढा गावाने दाखवले. 2009 मध्ये त्या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूचे वाहतूक पास ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून तिथला बांबू घेणाऱ्याला धनी कोण हे माहीत असते, कारण त्याची परवानगी धनीच देतो.

शिवाय जे लाकूड एकदा पडले आहे तेच पुन्हा वापरण्याची वाट उपनगरांना दूर नाही. पुनर्विकासासाठी पाडल्या जाणाऱ्या जुन्या इमारतींतून आणि चाळींतून तुळया, चौकटी, कडीपाटाच्या फळ्या निघतात. त्यांतल्या पुष्कळ शंभर वर्षांपूर्वीच्या ब्रह्मदेशी सागाच्या आहेत. जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जुन्या लाकडाचे आणि जुन्या फर्निचरचे व्यापारी आहेत, आणि जुन्या सागावर रंधा मारला की तो आतून नव्यासारखाच निघतो हे कोणताही सुतार सांगेल. ज्या सागासाठी थिबाचे राज्य गेले त्याचा एखादा तुकडा देव्हारा होऊन उभा राहिला तर त्यासाठी नवे झाड पडणार नाही. वाचकांना विनंती एवढीच आहे: पुढच्या वेळी देव्हारा, चौकट किंवा पलंग सांगायला जाल तेव्हा लाकूड कुठल्या जंगलातले आणि कुठल्या वर्षी तोडलेले, हे दुकानदाराला विचारा आणि उत्तर पावतीवर लिहून मागा. त्याला ते देता आले नाही, तर जुने लाकूड मागा.